लोखंडातले अस्सल कागद

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून एक गाडी ठाण्याकडे निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि पुढे तीन इंजिने : साहिब, सिंध आणि सुलतान. ३४ किलोमीटरच्या त्या वाटेवर भारतातील प्रवासी रेल्वेचा इतिहास सुरू झाला. या तिघांची नावे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली, स्पर्धा परीक्षांत लिहिली, मुलांना सांगितली. पण आज त्यांपैकी एकही इंजिन कुठे जाऊन पाहता येत नाही. त्यांची चाके किती उंच होती, चालक उभा राहायचा ती जागा किती उघडी होती, कोळसा टाकणाऱ्याच्या अंगावर किती धग येत असेल, हे त्या लोखंडाला विचारायची सोय राहिलेली नाही. नावे उरली, वस्तू गेली.

इतिहासाच्या साधनांचे मोल मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या ध्यासातून आपल्याकडे एक शिस्त रुजली. बखर वाचावी, तिचा रसही घ्यावा. पण अस्सल कागद समोर आला की बखरीने त्याच्यापुढे तपासणीला उभे राहावे. गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाला हीच शिस्त लावायची, तर त्याचे अस्सल कागद केवळ रुमालांत बांधलेले नाहीत. ते लोखंडात, पितळेत, सागवानी डब्यांत आणि विमानाच्या पातळ पत्र्यात आहेत. रेल्वे आणि विमानांची संग्रहालये हे त्यांचे दप्तरखाने. तिथे जाणे हा सुट्टीतला विरंगुळा आहेच, पण आपण कसे घडलो हे मुळातून वाचण्याचा तो एक मार्गही आहे.

हे वाचन कसे असते, ते स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’वरून कळते. १८२९ साली रेनहिलची चाचणी जिंकणारे हे इंजिन सर्वांना चित्रांतून माहीत आहे. चित्रात त्याचे सिलिंडर तिरपे, वर उचललेले असतात. १८६२ साली लंडनच्या पेटंट ऑफिसच्या संग्रहालयाला दिलेले आणि आजवर जपलेले मूळ इंजिन पाहिले, तर तेच सिलिंडर जवळजवळ आडवे दिसतात. धावताना इंजिन डोलते हे लक्षात आल्यावर ते खाली घेतले गेले. आराखडा शोधाची गोष्ट सांगतो. ती कल्पना कामाला लागल्यावर काय बिघडले आणि कारागिरांनी ते कसे सावरले, हे मात्र लोखंडच सांगते. पुढच्या प्रत्येक इंजिनाला जे उपयोगी पडले, ते त्या दुरुस्तीतले शहाणपण होते.

आपल्याकडेही असे एक इंजिन वाचले. ‘फेअरी क्वीन’ १८५५ साली लीड्समध्ये तयार झाली आणि ईस्ट इंडियन रेल्वेच्या ताफ्यात २२ क्रमांक घेऊन बंगालात धावू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती निवृत्त झाली. नंतर ती हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभी राहिली आणि पुढे उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेली. दिल्लीत चाणक्यपुरीला १ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले आणि तिला तिथे घर मिळाले. तिच्या कथेचा सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरचा आहे. पेरांबूरच्या कारखान्यात तिला पुन्हा जिवंत केले गेले, १९९७ साली ती दिल्लीहून अलवरला गाडी ओढत निघाली आणि जगातले सर्वांत जुने चालू वाफेचे इंजिन म्हणून तिची नोंद झाली. २०११ मध्ये तिचे भाग चोरीला गेले. पेरांबूरच्या कामगारांनी ते नव्याने घडवले आणि २०१७ मध्ये ती पुन्हा धावली. साहिब, सिंध, सुलतान आणि फेअरी क्वीन ही एकाच पिढीची इंजिने. तिघे गेले, एक राहिले. कारण वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हुद्द्यांवरच्या माणसांनी प्रत्येक वेळी तिला भंगारात घालायचे नाही असे ठरवले. जतन म्हणजे असे पुन्हा पुन्हा घेतलेले निर्णय. त्यातला एक जरी चुकला, तरी आधीचे सगळे वाया जातात.

निर्णय चुकण्याच्या किती जवळ वस्तू येतात, ते त्याच दिल्लीच्या संग्रहालयात पाहावे. पतियाळा संस्थानाने १९०७ साली एकेरी रुळावरची गाडी सुरू केली. जवळजवळ सगळा भार एका रुळावर आणि तोल सांभाळायला बाजूचे एक मोठे चाक थेट रस्त्यावर, अशी ती रचना होती. आधी खेचरे-बैल, मग बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलची वाफेची इंजिने ती ओढत. मोटारींची वर्दळ वाढली, रस्ते सुधारले आणि १९२७ साली ती बंद पडली. त्यानंतर पस्तीस वर्षे तिचे अवशेष पतियाळाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात पडून होते. १९६२ साली मायकल सॅटो या रेल्वेप्रेमी इंग्रजाची नजर त्यांच्यावर पडली आणि अमृतसरच्या रेल्वे कारखान्याने एक इंजिन पुन्हा उभे केले. मधल्या पस्तीस वर्षांत कुणी आवार साफ करायचे ठरवले असते, तर एका संस्थानाने आपल्या पद्धतीने प्रवासाचा प्रश्न कसा सोडवला होता, हे आज आपल्याला फक्त ऐकीव माहितीवरून मानावे लागले असते.

विमानांच्या बाबतीत अस्सल कागदाचे मोल आणखी वाढते, कारण तिथे ‘पहिले कोण’ हा वाद पाचवीला पुजलेला. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान पहिल्यांदा उडाले, ते १२ सेकंदांसाठी. पण वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपले माजी सचिव सॅम्युएल लँगली यांचे विमान हेच माणसाला घेऊन उडू शकणारे पहिले यंत्र, असा फलक लावला. त्यासाठी आधार दिला गेला १९१४ च्या उड्डाणांचा, आणि त्या उड्डाणांआधी लँगलींच्या यंत्रात बरेच बदल केले गेले होते. व्यथित झालेल्या ऑर्विल राइट यांनी १९२८ साली आपले मूळ विमान देशाबाहेर, लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवले. १९४२ साली स्मिथसोनियनने आपली चूक छापून मान्य केली. ते विमान मायदेशी परतले आणि १७ डिसेंबर १९४८ रोजी, पहिल्या उड्डाणाला ४५ वर्षे पुरी होत असताना, वॉशिंग्टनमध्ये मांडले गेले. ऑर्विल त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. इतक्या मोठ्या संस्थेला आपला फलक बदलावा लागला, कारण राइट बंधूंकडे यंत्र होते, छायाचित्रे होती, नोंदवह्या होत्या. संग्रहालय खोटे बोलू शकते. वस्तू शाबूत असेल तर ते खोटे फार काळ टिकत नाही.

मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे आठवून या ठिकाणी मन जड होते. १८९५ साली चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची कथा मराठी घराघरांत अभिमानाने सांगितली जाते. तळपदे खरोखरचे, जिज्ञासू, झपाटलेले गृहस्थ होते, याबद्दल शंका नाही. पण त्यांच्या यंत्राचा एकही भाग कुठल्या संग्रहालयात नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा आधार या संदर्भात घेतला जातो, त्याची तपासणी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली केली. त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. उड्डाणाची कथा त्यामुळे बखरीच्या पायरीवर राहते आणि तिला तिथून वर न्यायचे तर अस्सल साधनच हवे. तळपद्यांच्या जिद्दीचा खरा मान राखायचा, तर त्यांच्यानंतर आपल्याकडे जी विमाने बनली ती तरी आपण नीट जपली पाहिजेत.

त्यासाठी अभिमानाने सांगावे असे बरेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विष्णू माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकले आणि परत येऊन हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांचे आराखडे करू लागले. त्यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. भारतात आराखडा होऊन भारतातच बनलेल्या या विमानावर आपल्या वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या. बेंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात ते आहे. दोन माणसांचे, एका पंख्याचे छोटेसे विमान. त्याच्यासमोर उभे राहिल्यावर १९५१ सालच्या देशाची ऐपत आणि आत्मविश्वास दोन्ही एकदम दिसतात. तळपद्यांची कथा सांगणाऱ्या प्रत्येक घरात घाटग्यांचे नावही सांगितले जावे, असे मनापासून वाटते.

आणि एक हकिकत कानपूरची. दुसरे महायुद्ध संपल्यावर तिथल्या चकेरी विमानतळावर अमेरिकी बनावटीच्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानांचा ढीग पडला होता. ती पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून जाणूनबुजून मोडून टाकलेली होती. नव्या स्वतंत्र देशाच्या हवाई दलाकडे जड बॉम्बफेकी विमाने नव्हती आणि ती विकत घ्यायला पैसाही नव्हता. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या फिटरांनी एका विमानाचा भाग दुसऱ्याला लावत, वाकलेले पत्रे सरळ करत ती उडण्याजोगी केली आणि चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी ती बेंगळुरूला उडवत घेऊन गेले. १९६८ पर्यंत ही विमाने आपल्या हवाई दलात होती. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तोवर त्या जातीची हजारो विमाने वितळवली गेली होती. आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आणि अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयात जी लिबरेटर उभी आहेत, ती भारतीय हवाई दलाकडून तिथे गेली. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयातही एक आहे, आणि शेजारी आपल्या हवाई दलाने ज्या जातीच्या विमानांवर १९३३ साली सुरुवात केली ते वापिटी. या जातीचे विमान जगात दुसरीकडे कुठेही उरलेले नाही. गरजेपोटी जे जपले, ते जगाच्या ठेव्याचा भाग झाले.

पण गरज संपल्यावर जपायची वेळ आली, तेव्हा आपण काय केले? ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका १९६१ साली नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलीझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहता आली. २०१२ साली सुरक्षेच्या कारणाने ते बंद झाले, २०१४ साली नौकेचा लिलाव झाला आणि मुंबईच्याच किनाऱ्यावर ती तोडली गेली. तिची सी हॉक आणि अलीझे विमाने ज्या जातीची होती, त्या जातीची विमाने गोव्यात, वास्कोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात आजही पाहता येतात. एवढ्याशा धावपट्टीवरून, हलत्या डेकवरून यांनी झेप कशी घेतली असेल, असा प्रश्न तिथे प्रत्येकाच्या मनात येतो. त्याचे उत्तर देणारा डेक मात्र आता नाही. पाखरे आहेत, घरटे मोडले.

विक्रांत ठेवणे सोपे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजत राहते, गोदीची जागा महाग असते, खर्च दरवर्षी येतो आणि रुग्णालये-शाळांनाही पैसा लागतो. सगळे काही ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. पण काय ठेवायचे याचा निर्णय वेळेवर, विचार करून आणि पैशाची तरतूद करून घ्यायचा असतो. तो टाळत राहिलो, तर अखेर गंजच निर्णय घेतो.

महाराष्ट्रापुढे हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक तीव्र आहे, कारण देशाच्या वाहतुकीतल्या बऱ्याच गोष्टी इथून सुरू झाल्या. पहिली प्रवासी गाडी इथली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली देशातली पहिली विजेची गाडी इथली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले जेआरडी टाटांचे विमान उतरले तेही जुहूला. काही खुणा जपल्याही गेल्या आहेत. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात बोरघाटात राबलेल्या जातीचे विजेचे मालगाडीचे इंजिन उभे आहे. जगभर या घडणीच्या इंजिनांना मगर म्हणत. आपल्या रेल्वे कामगारांनी त्याला ‘खेकडा’ म्हटले. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे. सातपुड्यातल्या अरुंद रुळांचे जग अजून हाताला लागते ते तिथेच.

आणि बार्शी लाइट! एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंजिनिअर पूर्वी जीआयपी रेल्वेत नोकरीला होता. बार्शी मोठ्या रेल्वेपासून दूर पडली होती, तिथला माल बैलगाड्यांवरून जात होता. कॅल्थ्रॉपने अडीच फूट रुंदीचा हलका मार्ग सुचवला आणि एका आसावर पाच टनांहून अधिक भार येणार नाही असे इंजिन आणि वाघिणी आखल्या. भार सगळीकडे सारखा वाटला की रूळ हलका चालतो आणि रूळ हलका चालला की रेल्वे गरीब मुलखालाही परवडते, हा त्याचा विचार. १८९७ साली बार्शीची गाडी धावली, १९०६ साली ती पंढरपूरला आणि १९११ साली लातूरला पोचली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे वारकऱ्यांनी या गाडीने विठ्ठल गाठला. तिचे रूळ आता ब्रॉडगेज झाले आहेत.

याच कॅल्थ्रॉपच्या आयुष्यात रेल्वे आणि विमान एकत्र येतात. १९१० साली त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान अपघातात गेला. त्या धक्क्याने कॅल्थ्रॉप पॅराशूटकडे वळला आणि त्याने ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट तयार केले. पहिल्या महायुद्धात त्यावरून हेर शत्रूच्या मुलखात उतरवले गेले. वैमानिकांच्या हाती मात्र ते युद्ध संपेपर्यंत पडले नाही. बार्शीच्या रुळावर प्रत्येक चाकाचा भार मोजणारा आणि पडणाऱ्या माणसाचा भार कापडाच्या छत्रीवर तोलणारा माणूस एकच होता. कुर्डुवाडीला, पंढरपूरला किंवा बार्शीला ही गोष्ट सांगणारे चांगले संग्रहालय असावे. आषाढीला पंढरीला लाखो माणसे येतात. ज्या गाडीने त्यांच्या आजोबा-पणजोबांना तिथे आणले, ती त्यांना पाहायला मिळावी.

अशा जतनासाठी तीन गोष्टी लागतील. पहिली, आडोसा. अनेक स्थानकांबाहेर चौथऱ्यावर इंजिने उन्हापावसात उभी असतात आणि सणाला त्यांच्यावर रंगाचा नवा हात फिरतो. रंगाखाली गंज वाढतो आणि कारखान्याचे ठसे, दुरुस्तीच्या खुणा, जुने क्रमांक बुजतात. अस्सल कागदाला आपण तैलरंग देत नाही. इंजिनालाही देऊ नये. दुसरी, हातातले ज्ञान. हरियाणात रेवाडीला वाफेच्या इंजिनांचे शेड अजून चालू ठेवले आहे. तिथे बॉयलर पेटतो, म्हणून तो पेटवणारे हातही घडतात. आपल्याकडे वाफेवर, जुन्या डीसी इंजिनांवर, नॅरोगेजवर काम केलेले फिटर, फायरमन, गार्ड आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचे बोलणे आजच ध्वनिमुद्रित व्हायला हवे. एकेक जण जातो तेव्हा एक दप्तरच जाते. तिसरी, खरे फलक. फलकावर इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे नाव असते, गव्हर्नरचे असते. बोरघाटातले बोगदे खणताना पटकी आणि स्फोटांत मेलेल्या हजारो मजुरांचा उल्लेखही त्याच आकाराच्या अक्षरांत असावा.

चौथी गोष्ट आपल्या हातात आहे : जाणे. ज्या संग्रहालयात गर्दी होते, त्याच्या खर्चाला कात्री लावताना कुणीही दहादा विचार करतो. मुलांना न्यावे आणि घाई करू नये. इंजिनासमोर फोटो काढून झाला की खाली वाकून चाकांमधले दांडे पाहावेत, फायरमनच्या जागी उभे राहून फावडे कुठे वळत असेल ते हाताने करून पाहावे, विमानाच्या पत्र्यावरचे रिव्हेट मोजावेत. घरातले कुणी रेल्वेत किंवा हवाई दलात असेल, तर त्यांना बरोबर घ्यावे आणि त्यांनाच बोलू द्यावे. अशा वेळी जे कळते, ते पाठ करावे लागत नाही.

साहिब, सिंध आणि सुलतान आपण पाठ केले, कारण त्यांना पाहायची सोय आपल्या आधीच्यांनी ठेवली नव्हती. विक्रांतचे नाव आता त्याच यादीत गेले आहे. पुढच्या पिढीला पाठ कराव्या लागणाऱ्या नावांत आपल्या हातून आणखी भर पडू नये.